रीफ टँकचं मीठ निवडताना आणि पाणी तयार करताना या चुका टाळा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, कोरलची टोकं पांढरी पडली, कॅल्शियम कमी दिसलं, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) खाली-वर झाली, की पहिला संशय मिठाच्या बादलीवर जातो. ब्रँड बदलला जातो आणि महिनाभराने तीच तक्रार नव्या बादलीबद्दल सुरू होते. मीठ खराब निघतच नाही असं नाही, पण बहुतेक वेळा घोळ मोजण्यात असतो, नाहीतर मिसळण्याच्या क्रमात किंवा घाईत.

सॅलिनिटी न मोजता बाकी सगळं मोजणं

समुद्राच्या पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, साधारण ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) असते, कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी ६.५ ते ७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). मिठाच्या बादलीवर छापलेले आकडेसुद्धा ठरावीक सॅलिनिटीचेच असतात, बहुतेक वेळा ३५ चे. पाणी ३२ वरच थांबलं असेल तर ४२० चं कॅल्शियम ३८४ दिसणार. मॅग्नेशियम, पोटॅशियम, अल्कलिनिटी हे सगळं त्याच प्रमाणात कमी भरणार. अशा वेळी कॅल्शियमची बाटली ओतली की पुढचा गोंधळ ठरलेलाच, कारण कमी होतं ते मीठ. म्हणून कोणतंही टेस्ट किट उघडण्याआधी सॅलिनिटी बघा.

घनतेचा आकडा (गोड्या पाण्याच्या तुलनेत पाणी किती जड) वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २५ अंश सेल्सिअसला ३५ पीपीटी म्हणजे १.०२६४. पुष्कळ जण १.०२५ वर थांबतात, ते ३३ पीपीटीच्या थोडंसंच वर असतं.

रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करणं

रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून सॅलिनिटी दाखवतो. या उपकरणाची चूक दोन प्रकारची असू शकते. पट्टी सगळीच वर-खाली सरकलेली असते, किंवा शून्यावर बरोबर आणि पुढे जाता जाता चुकत गेलेली असते. आरओ पाण्याने फक्त पहिली चूक पकडता येते. आपल्याला वाचायचं असतं ३५ ला, तेव्हा तपासायचंही तिथेच. त्यासाठी ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं.

ते नसेल तर घरी करता येतं: ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ३६.५ ग्रॅम कोरडं, शुद्ध मीठ घ्या आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा. यासाठी साधं सोडियम क्लोराइडच हवं, रीफचं मीठ नको. मीठ ३६.५ आणि उपकरणाचा स्क्रू फिरवायचा ३५ वर, हे विचित्र वाटेल. पण नुसत्या सोडियम क्लोराइडच्या ३६.५ पीपीटी द्रावणात प्रकाश जेवढा वळतो, तेवढाच तो ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यात वळतो. याच कारणाने नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली पट्टी समुद्राच्या पाण्याला दीडेक पीपीटी जास्त दाखवते आणि आपलं पाणी तेवढं कमी खारट राहतं.

काचेवर दोन-तीन थेंब टाका, झाकण लावा, बुडबुडा अडकलेला नाही ना ते बघा आणि अर्धा-एक मिनिट थांबा. थेंब काचेच्या तापमानाला आले की निळी-पांढरी रेघ स्थिर होते. मग वाचा. काटा हलणारं प्लॅस्टिकचं हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) वापरत असाल तर काट्याला चिकटलेला एक बारीक बुडबुडासुद्धा आकडा वर नेतो. बोटाने टिचकी मारून तो आधी काढून टाका.

भलतंच मीठ

गोड्या पाण्याच्या माशांना औषध म्हणून देतात ते ‘अ‍ॅक्वेरियम सॉल्ट’ म्हणजे निव्वळ सोडियम क्लोराइड. त्यात कोरल जगत नाही. खडेमीठ समुद्रातूनच येतं, मग ते का चालत नाही, हा प्रश्न हमखास येतो. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम आधी खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहून जातं. म्हणजे हाती येणाऱ्या खड्यात समुद्रातलं बाकी काही जवळजवळ उरलेलंच नसतं.

रीफसाठी बनवलेल्या मिठांमध्ये मोठा फरक असतो तो अल्कलिनिटीचा. एकाच कंपनीच्या दोन बादल्यांतही तो दिसतो: रेड सीचं निळ्या बादलीतलं मीठ ८ डीकेएचच्या आसपास पाणी देतं आणि काळ्या बादलीतलं कोरल प्रो १२ च्या आसपास. ‘प्रो’ म्हणजे भारी, असं समजून दुसरं उचललं जातं. वाढ जोरात आहे, अल्कलिनिटी भराभर खाल्ली जाते आणि खाद्यही भरपूर पडतं, अशा टँकला ते चालून जातं. पण नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्य असलेल्या टँकमध्ये ११-१२ ची अल्कलिनिटी ठेवली की अ‍ॅक्रोपोराची (फांद्या फुटणाऱ्या नाजूक कोरलची) टोकं जळतात. अशा टँकला ७ ते ८ चं मीठ बरं. वेगवेगळ्या प्रकारची कोरल एकत्र असलेल्या मिश्र टँकला ८ ते ९. महाग-स्वस्त नंतर बघा. टँक ज्या अल्कलिनिटीवर चालवायचा आहे, तिच्या जवळचं मीठ निवडा.

न जुळणारं मीठ घरात आलंच असेल तर घाबरू नका, गणित करा. टँक ८ वर, नवं पाणी ११ चं. दहा टक्के पाणी बदललं तर टँक ८.३ वर जातो, कोरलला त्याचं काही वाटत नाही. अर्धं पाणी एकदम बदललं तर ९.५, आणि तो धक्का असतो.

पाण्यावर मीठ की मिठावर पाणी

रिकाम्या ड्रममध्ये आधी मीठ ओतून वर पाण्याचा पाइप सोडणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. तळाशी काही मिनिटं अतिशय तीव्र द्रावण तयार होतं. त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात आणि पांढरा साका (गाळ) होऊन बसतात. वरून कितीही पाणी घाला, तो साका पुन्हा विरघळत नाही. मीठ गरम पाण्यात टाकलं तरी तेच होतं, कारण साखरेच्या उलट कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं.

पन्नास लिटरचा ड्रम धरू. खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारं प्लॅस्टिक घ्या. तांब्या-पितळेचा एकही भाग पाण्यात नको. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य असलेलं आरओ-डीआय पाणी (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं) भरा, तापमान २२ ते २५ अंशांच्या दरम्यान असू द्या. आरओ यंत्र बंद राहून सुरू झालं की पहिली काही मिनिटं टीडीएस चढलेला असतो, ते पाणी ड्रममध्ये घेऊ नका. पॉवरहेड (पाण्यात बुडवून चालवायचा छोटा पंप) असा लावा की पाण्याचा पृष्ठभाग ढवळला जाईल आणि तळही हलेल. नुसता एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) पुरत नाही.

बादलीवर लिटरला ३८ ग्रॅम लिहिलं असेल तर हिशेबाने १.९ किलो होतं. त्यातलं १.७ किलोच वजन करून घ्या आणि पंप चालू ठेवून मुठीमुठीने, पाच-दहा मिनिटांत सोडा. पाणी पूर्ण निवळलं की मोजा. समजा ३२ आलं. तीन पीपीटी कमी, म्हणून ३ गुणिले ५० म्हणजे १५० ग्रॅम. मिठाच्या कणांतच काही पाणी बांधलेलं असतं म्हणून दहा टक्के वाढवून १६५ ग्रॅम घाला. उलट ३७ झालं असेल तर पाणी वाढवायचं: ५० लिटरला साधारण २.९ लिटर. ड्रम काठोकाठ भरायचा नाही तो याचसाठी.

कपाने मोजू नका. सैल भरलेल्या आणि दाबून भरलेल्या कपात बराच फरक पडतो, आणि दमट मिठाचा कप आणखी वेगळा. (तसं दमट मिठाचं वजनही फसवतंच, पण कमी.)

पाणी दुधासारखं राहिलं तर

मीठ टाकल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं गढूळपणा असतोच. काही मिठांना निवळायला कित्येक तास लागतात. रात्रभर पंप चालूनही पाणी पांढुरकं दिसत असेल, ड्रमच्या भिंतीला हात लावल्यावर खरखरीत लागत असेल, हीटरवर कवच धरलं असेल, तर साका झाला आहे.

किती नुकसान झालं ते अल्कलिनिटीवरून ओळखा, कॅल्शियमवरून नाही. साका होताना २० पीपीएम कॅल्शियम जातं तेव्हा तब्बल २.८ डीकेएच अल्कलिनिटी जाते. कॅल्शियम ४२० चं ४०० झालं तर ते किटच्या चुकीतच लपून जातं, पण ८ ची अल्कलिनिटी ५.२ झालेली कुणालाही दिसते. अर्धा-एक डीकेएच कमी असेल तर अल्कलिनिटी वाढवणारा बफर घालून पाणी वापरता येतं. त्याहून जास्त गेलं असेल तर ओतून टाका. पन्नास लिटर मिठाचं पाणी फेकताना जिवावर येतं, हे कबूल.

तळाशी राहणारा थोडासा तपकिरी किंवा करडा गाळ मात्र वेगळा. मिठातल्या खनिजांचा तो न विरघळणारा भाग असतो. शेवटचे दोन बोटं पाणी ड्रममध्येच ठेवा, काम झालं.

चोवीस तास ढवळायचं की नाही?

‘मीठ एक दिवस फिरू द्या’ हा जुना सल्ला सगळ्याच मिठांना लागू होत नाही. जास्त अल्कलिनिटीची काही मिठं तासा-दोन तासांत तयार होतात, आणि ती गरम करून रात्रभर फिरवत ठेवली की हळूहळू साका धरतात. कोरल प्रोसारख्या मिठाचं पाणी काही तासांतच वापरायला सांगितलेलं असतं. कमी अल्कलिनिटीची मिठं आठवडाभर ठेवली तरी सहसा बिघडत नाहीत. त्यामुळे बादलीवरची सूचना वाचा आणि तीच पाळा. हीटर मीठ पूर्ण विरघळल्यावर, वापरायच्या थोडं आधीच लावा. साठवायचं असेल तर झाकण घट्ट हवं, नाहीतर पाणी उडून सॅलिनिटी चढते, आणि वापरताना ती पुन्हा मोजायला हवी.

नव्या पाण्याचा पीएच ८.५ किंवा ७.९ दिसला म्हणून लगेच काही घालू नका. पृष्ठभाग ढवळत राहिला की तो हवेशी जुळवून घेतो. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत तो कमीच राहील. तो दोष खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा.

बादलीतलं मीठ

प्रवासात हादरे बसून जड आणि हलके कण वेगळे होतात. नवी बादली उघडण्याआधी आडवी करून चार-पाच वेळा लोळवा, नाहीतर वरच्या मिठाचं आणि तळच्या मिठाचं पाणी वेगवेगळं निघतं. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून झाकण उघडं टाकू नका. हाताने सहज फुटणारी ढेकळं चालतात. दगडासारखा गोळा झाला असेल तर आतल्या आत रासायनिक क्रिया झालेली असते. फोडून विरघळवला तरी अल्कलिनिटी कमीच येणार.

टँकमध्ये घालताना

कोरड्या मिठाचा कण कोरलवर पडला तर तिथली त्वचा भाजते. प्राणी असलेल्या टँकमध्ये कोरडं मीठ थेट टाकायचं नाही, चिमूटभरसुद्धा नाही. बदलायच्या पाण्याचं तापमान टँकपेक्षा अंशाभरापेक्षा जास्त वेगळं नको आणि सॅलिनिटी एका पीपीटीच्या आत हवी.

बाष्प होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याने घालायची. पण सॅलिनिटी मुळातच कमी झाली असेल, तर हीच गोष्ट उपयोगी पडते: गोड्या पाण्याऐवजी काही दिवस ३५ पीपीटीचं पाणी भरा. दोनशे लिटरच्या टँकमधून रोज दोन लिटर उडत असेल तर सॅलिनिटी दिवसाला ०.३५ ने चढते, आणि ३२ वरून ३५ ला यायला आठ-नऊ दिवस लागतात. रोज एकाच वेळी मोजा, आणि ३५ दिसलं की त्याच दिवशी पुन्हा गोडं पाणी सुरू करा.