स्फोटात फुटलेला जबडा : नव्या निवासी डॉक्टरांसाठी

ओरल सर्जरीच्या, म्हणजे तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या, एमडीएस या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ठाणे-नवी मुंबईत रुजू होताना स्फोट म्हणजे केवळ रणांगण, ही समजूत सोडावी. हवा भरताना फुटलेला ट्रकचा टायर, दिवाळीतला सुतळी बॉम्ब, घरातला सिलिंडर आणि 23 मे 2024 रोजी डोंबिवली एमआयडीसीत झाला तसा रासायनिक कारखान्यातला स्फोट, यांपैकी काहीही तुमच्या पाळीत येऊ शकते.

जखम कितीही भीषण दिसली तरी घात होतो तो रुग्णाला आडवे करताना. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाचा चुरा झाला की जीभ पुढे धरून ठेवणाऱ्या जिनिओग्लॉसस स्नायूचा आधार सुटतो. म्हणून असा रुग्ण बसून, पुढे झुकून, रक्त आणि लाळ बाहेर गळू देत श्वास घेत असतो. सीटीसाठी त्याला निजवले की जीभ मागे पडते, रक्त घशात उतरते आणि आत्तापर्यंत बोलणारा माणूस गुदमरू लागतो. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन 98 टक्के दिसला तरी त्यावर विसंबू नका, तो आकडा बसलेल्या माणसाचा आहे. टायर फुटून आलेला एक मेकॅनिक हनुवटीखाली टॉवेल धरून वॉर्डबॉयचा हात कोपराने ढकलत होता. सगळे त्याला आडमुठा ठरवत होते, बरोबर मात्र तोच होता. मानेच्या मणक्याची शंका असेल तर मान हातांनी स्थिर धरावी, आणि भूलतज्ज्ञ व ट्रॅकिओस्टॉमीची (गळ्यातून श्वासनलिकेला छेद देऊन श्वासाची वाट करण्याची) तयारी शेजारी असल्याखेरीज निजवण्याची घाई करू नये. आजही सीटीच्या दाराशी माझ्या पोटात गोळा येतो, आणि तो येत राहावा असेच मला वाटते.

पुढचे काम त्या मानाने शिकता येण्याजोगे आहे. चेहऱ्याचा रक्तपुरवठा उदंड असल्याने फाटून लोंबणारी कातडीही पुष्कळदा जगते. सलाइनने भरपूर धुवा, कापताना मात्र हात आखडता घ्या. काजळीचे कण सुरुवातीलाच घासून काढले नाहीत तर ते त्वचेत कायमचे गोंदले जातात. सूज चढण्याआधी डोळे तपासा. हरवलेला दात सापडत नसेल तर तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे काढा.

व्हिडिओ पाहून प्लेट बसवायला धावणाऱ्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. आधी आर्च बार (दातांना तारेने बांधायची धातूची पट्टी) बांधून दातांचा मेळ, मग हाड, शेवटी कातडी. हे रटाळ वायरकाम वारंवार करायला लावणारे सीनियरच खरे गुरू. चुरा झालेल्या हाडाचा भार छोट्या, पातळ मिनिप्लेटला पेलत नाही, तिथे 2.4 मिलिमीटरची जाड, भक्कम रिकन्स्ट्रक्शन प्लेट लागते. हाडच उडाले असेल तर पुढे फिब्युलाचा फ्लॅप, म्हणजे पायाच्या नडगीशेजारचे हाड रक्तवाहिन्यांसह आणून जबड्यात बसवणे. सगळे पहिल्याच रात्री उरकायचे नसते, त्यामुळे धीर सोडू नका. वरचा-खालचा जबडा वायरने एकमेकांना बांधलेल्या रुग्णाला उलटी झाली किंवा तो गुदमरला तर तोंड लगेच उघडता यावे म्हणून त्याच्या उशाशी वायर कटर ठेवा आणि नेमक्या कोणत्या वायरी कापायच्या, हे रात्रपाळीच्या सिस्टरांना प्रत्यक्ष दाखवून मगच वॉर्ड सोडा.