केनियाच्या सफारीला निघताय? नुसत्या पिवळ्या कार्डावर थांबू नका, या चुका टाळा

जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत विल्डबीस्ट या चरणाऱ्या प्राण्यांचे कळप केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात येतात, आणि त्याच दिवसांत आपल्याकडचे सहलींचे गटही नैरोबीला उतरतात. त्यांत निवृत्त जोडपी असतात, आजी-आजोबांबरोबर नातवंडं असतात. टूरच्या सूचनांमध्ये 'यलो फिव्हर सर्टिफिकेट', म्हणजे ती लस घेतल्याचं पिवळं कार्ड, ठळक अक्षरांत असतं, त्यामुळे सगळी धावपळ त्या एका कार्डासाठी होते. ते कार्ड हवंच. पण केनियात जाणाऱ्याला मोठी भीती मलेरियाची असते आणि तिच्याबद्दल डॉक्टरांना कुणी विचारतच नाही. विमानाची तिकिटं काढली की लगेच, म्हणजे निदान सहा ते आठ आठवडे आधी, कुठे-कुठे राहणार हे लिहून घेऊन डॉक्टरांकडे जा.

लस शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

यलो फिव्हरची लस, म्हणजे पीतज्वराची लस, आपल्या नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच ती देतात. मुंबईत विमानतळाचं आणि बंदराचं आरोग्य कार्यालय, केईएम रुग्णालय आणि गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय ही त्यांतली काही. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी तयार केली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारी, आधी नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. जाताना मूळ पासपोर्ट न्या, आणि कार्डावरचं नाव व पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे ताडून पाहा.

प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं, कारण शरीरात संरक्षण तयार व्हायलाही तेवढा वेळ लागतो. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे भरपूर आहे; डेंग्यू पसरवणारा तो हाच. एक रुग्ण आला तरी आजार इथे पसरू शकतो. म्हणून केनियासारख्या देशातून परतणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हा कडकपणा मला अगदी योग्य वाटतो. लस न टोचता कार्ड 'करून देतो' म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पूर्वी लस घेतली असेल आणि जुन्या कार्डावर 10 वर्षांची मुदत छापलेली असेल, तर पुन्हा टोचून घेण्याची घाई करू नका. 11 जुलै 2016 पासून हे प्रमाणपत्र जगभर आयुष्यभरासाठी वैध मानलं जातं. जुनी कार्डंही त्यात आली.

केंद्रावर आजार लपवणं

'डॉक्टर नाही म्हणतील आणि सहल बुडेल' या भीतीने लोक गोळ्यांची नावं सांगत नाहीत. हे फार धोक्याचं आहे. या लसीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असतील, कर्करोगाचे उपचार चालू असतील, छातीतल्या थायमस ग्रंथीचा आजार असेल किंवा ती काढलेली असेल, तर हाच दुबळा विषाणू घात करू शकतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनेही तसं सांगायलाच हवं.

साठी ओलांडलेल्यांनी हे जरा थांबून वाचावं. या वयात ही लस पहिल्यांदाच घेतली, तर गंभीर दुष्परिणामाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. ती एकंदरीत खूपच कमी आहे, पण दुर्लक्ष करण्याइतकी क्षुल्लक नाही. आपल्या फिजिशियनशी बोलून मगच ठरवा. लस देता येत नसेल तर डॉक्टर तसं पत्र देऊ शकतात, पण ते पाहून काय करायचं हे विमानतळावरचे आरोग्य अधिकारी ठरवतात. त्यांच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या. सहलीचे पैसे भरण्याआधी हे झालं तर उत्तम.

ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर तयार होते. अंड्याची अॅलर्जी आहे का, असं विचारलं की शाकाहारी घरांतून 'आम्ही अंडी खातच नाही' असं उत्तर येतं. त्याने अॅलर्जी आहे की नाही ते कळत नाही. कधीच अंडं खाल्लं नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि लस घेतल्यावर सांगतील तितका वेळ तिथेच बसा.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. मोठ्या मुलांची गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांची लस जवळ आली असेल, तर या लसी एकाच दिवशी किंवा निदान 4 आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. मुलाचं लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताबद्दलही त्याच भेटीत विचारा.

'मलेरिया काय, आपल्याकडेही असतो'

मुंबई-कोकणातल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे, पण इथे राहिल्याने आफ्रिकेतल्या मलेरियापासून संरक्षण मिळत नाही. तिथला मलेरिया बहुतांशी फॅल्सिपॅरम जातीचा, काही दिवसांत जिवावर बेतणारा. क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधावर तिथे विसंबून चालत नाही. नैरोबी शहरात धोका कमी, पण मोंबासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर जास्त धोक्याचा. म्हणून कुठे मुक्काम आहे हे डॉक्टरांना कळायला हवं.

प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरच ठरवतील, आणि त्यांनी सांगितलेला कोर्स पुरा करा. घरी आल्यावर गोळ्या बंद करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. डास चावल्यावर मलेरियाचा परजीवी, म्हणजे तो आजार करणारा सूक्ष्म जीव, आधी यकृतात वाढतो आणि नंतर रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन रक्तातल्या परजीवीवर काम करतं, म्हणून ते परतल्यावरही 4 आठवडे घ्यायचं. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करतं, म्हणून नंतर 7 दिवस पुरतात. डॉक्सिसायक्लिन चालू असताना ऊन लवकर बाधतं, आणि उघड्या जीपमध्ये तर दिवसभर ऊनच असतं; टोपी आणि लांब बाह्यांचे कपडे हवेतच. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ती चालत नाही.

होमिओपॅथीच्या गोळ्यांनी मलेरिया टळत नाही. गोळ्या चालू असल्या तरी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत डास दूर ठेवणारं मलम आणि मच्छरदाणी वापरायलाच हवी.

परतल्यावरचा ताप अंगावर काढणं

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्याकडे तापाची साथ असतेच. सफारीहून आलेल्याला ताप भरला की घरचे 'व्हायरल' म्हणतात, आणि दवाखान्यात डेंग्यूची तपासणी होते. परतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः पहिल्या महिन्यात ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा: 'मी केनियाहून अमुक तारखेला आलोय.' मलेरियाची रक्ततपासणी लगेच करून घ्या. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर 12 ते 24 तासांनी ती पुन्हा करायला सांगा.