जुन्या टर्नटेबलचा टोनआर्म दुरुस्त करताय? या चुका टाळा

रेकॉर्ड संपली तरी टोनआर्म (सुई वाहणारी दांडी) आपोआप परत येत नाही, म्हटल्यावर पहिला हात जातो तो बेअरिंगच्या, म्हणजे आर्म ज्यावर फिरतो त्या सांध्याच्या, स्क्रूकडे. माझाही गेला होता. फक्त पाव फेरा आवळला, आणि टोकदार पिन छऱ्यांच्या वाटीत रुतली. वाटीत एकदा खळगा पडला की स्क्रू पुन्हा ढिला करूनही तो भरून येत नाही. आर्म त्याच जागी अडखळत राहतो. म्हणून बेअरिंग सगळ्यात शेवटी.

आधी साधी तपासणी करा. अँटीस्केट (आर्मची आतली ओढ तोलणारी सोय) शून्यावर आणा, सुईवर टोपी असेल तर ती चढवा आणि काउंटरवेट (आर्मच्या मागच्या टोकाचं वजन) फिरवून आर्म आडवा तरंगता ठेवा. हळूच फुंकर मारा. आर्म कुठेही न अडखळता संथ सरकला तर बेअरिंगला हात लावायचं कारण नाही. मग मुळाशी दोन बोटांत धरून अगदी हलकेच हलवून पाहा. टकटक जाणवली तर प्ले, म्हणजे सांध्यात ढिलेपणा, आहे. एसएमई ३००९ सारख्या धारेवर टेकलेल्या आर्मना मात्र हा नियम लावू नका, ते नुसतेच टेकलेले असतात.

खरा दोष बहुधा प्लॅटरखाली (रेकॉर्ड ठेवायच्या गोल थाळीखाली) सापडतो. प्लग काढा, प्लॅटर उचला. मधल्या मोठ्या कॅमवर (आर्म परत आणणाऱ्या चाकावर) प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा एक चिमुकला खटका दिसेल. प्रत्येक फेऱ्यात आर्मचा दांडा त्याला किंचित आत ढकलतो आणि प्लॅटरच्या मध्यावरचा उंचवटा त्याला मागे सारतो. रेकॉर्डच्या शेवटी खाच एकदम आत वळते, खटका एका फेऱ्यात जास्त सरकतो, उंचवट्यात अडकतो आणि कॅम फिरायला लागतो. एवढ्या सगळ्याला जोर कोणाचा? खाचेतल्या सुईचा! खटक्याखालचं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं असेल तर ती बिचारी काय करणार? एकतर शेवटच्या खाचेत फिरत राहते, नाहीतर मागे उडी मारते.

इथे लोक स्प्रे मारतात आणि दोन दिवस खूश होतात. स्प्रे जुनं ग्रीस पातळ करून भलतीकडे पसरवतो, वर धूळ बसली की पुन्हा तेच. खटका काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि कोरडाच बसवा. ग्रीस फक्त कॅमच्या खाचेत, तेही नावाला. अल्कोहोल अ‍ॅक्रिलिकच्या झाकणावर उडू देऊ नका, तडे जातात.

आर्म खाली येताना धपकन पडतो? आर्म उचलणाऱ्या लिफ्टच्या दांड्याभोवतीचं घट्ट सिलिकॉन संपलंय. तिथे साधं मशीनचं तेल घालून उपयोग नाही. सहसा ३ ते ५ लाख सेंटिस्टोकचं (हे दाटपणाचं माप) सिलिकॉन लागतं, ते मधापेक्षाही कितीतरी दाट असतं.

एक बाजू वाजत नसेल तर लगेच सोल्डरिंग गन काढू नका. आधी हेडशेलचे (आर्मच्या टोकाशी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, धरणाऱ्या भागाचे) संपर्क आणि वायरींच्या क्लिपा पुसा. वायरींत लाल रंग उजवीकडचा, त्याचा सोबती हिरवा. पांढरा डावीकडचा, त्याचा निळा. सोल्डरचा डाग द्यावाच लागला तर क्लिप कार्ट्रिजवरून काढून द्या. पिनेवर क्लिप असताना डाग दिला तर आतली नाजूक कॉइल गेलीच समजा.

काउंटरवेटमधलं रबर जुनं होऊन वजन खाली लोंबलं असेल तर डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका; सुईचा भार मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. ‘रेकॉर्ड जपायची’ म्हणून वजन कमी ठेवणं ही आणखी एक चूक. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही आणि भिंती खरवडते. कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या मर्यादेतच राहा, आणि त्यातही वरच्या टोकाकडे.

सुई पहिल्या खाचेच्या बाहेर उतरते म्हणून उतरण्याचा स्क्रू पिळणं शेवटी ठेवा. कार्ट्रिज हेडशेलमध्ये दोन मिलिमीटर पुढे-मागे बसलं तरी उतरण्याची जागा बदलते.