जुनं बाथरूम आणि माडीची सागवानी फळी: घरच्या घरी कसं करायचं

आपल्याकडे खान्देशात जुन्या घरांचा एक ठरलेला नमुना आहे, पुढचा भाग सागवानी खांब-तुळयांचा, माडीवर सागाच्या फळ्यांची जमीन, आणि मागे नंतर कधीतरी स्लॅब टाकून जोडलेलं बाथरूम. फळ्यांचं पॉलिश कधीच उडालेलं, बाथरूममधल्या शहाबादीच्या सांधीतून पाणी मुरतंय, आणि दोन्ही एकाच सुट्टीत उरकून टाकू असं घरात कोणीतरी म्हणतंच. उरकतं, पण क्रम पाळायचा. आधी बाथरूम, तेही पूर्ण, पाणी भरून तपासून, आणि मगच लाकूड. बाथरूमचं पाणी भिंतीतून फळीच्या टोकापर्यंत पोचत असेल तर तुम्ही वर कितीही भारी पॉलिश मारा, दोन पावसाळ्यांत ते काळं पडून पापुद्रे सुटणारच.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची. दिवाळी झाली की होळीपर्यंतचा काळ या कामाला सोन्यासारखा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सिमेंटमधलं पाणी ते घट्ट व्हायच्या आतच उडून जातं, प्लास्टरला बारीक चिरा पडतात, आणि लाकडावरचं पॉलिश ब्रश फिरवता फिरवताच ओढलं जातं. पावसाळ्यात उलटं, फळी फुगलेली असते आणि पॉलिशवर पांढुरका धुरकटपणा येतो. लग्न मे महिन्यात आहे म्हणून एप्रिलमध्ये काम काढणारे खूप बघितलेत, त्यांनी सरळ रंग मारून वेळ निभवावी, हे काम काढू नये.

तोडफोड

आधी पाण्याचा मेन कॉक बंद, बाथरूमची लाइट एमसीबीवरून बंद. मग न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या तोंडात, बारदानाचा बोळा घट्ट कोंबा, कारण मलब्याचा एक तुकडा जरी आत गेला तर पुढचा सगळा पाइप उकरायची वेळ येते. गॉगल आणि एन-९५ मास्क लावूनच छन्नी हातात घ्या, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, ग्राइंडरने टाइल-सिमेंट कापताना जी बारीक धूळ उडते ती फुफ्फुसात कायमची बसते. टाइल आधी ठोकून बघा, जिथे पोकळ वाजते तिथून सुरुवात करा, छन्नी आडवी धरली की टाइल अख्खी सुटते आणि मागची भिंत फारशी उखडत नाही.

शहाबादी किंवा कडप्पा ठेवायचा असेल तर त्यावर अ‍ॅसिड ओतू नका, हे चुनखडीचे दगड आहेत, अ‍ॅसिड त्यांना खातं आणि पहिली चकाकी परत येत नाही. आणि अ‍ॅसिड न् ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

तोडताना खाली काय आहे ते नीट बघा. स्लॅब असेल तर ठीक. पण काही घरांत बाथरूम सरळ लाकडी तुळयांवरच केलेलं असतं, वर मातीचा थर आणि त्यावर फरशी. तसं निघालं तर काम तिथेच थांबवून इंजिनीयरला दाखवा, त्यावर विटांचा कोबा न् नवीन टाइल्सचं वजन चढवायचं की नाही हे घरी बसून ठरवायची गोष्ट नाही.

पाइप आणि लाइट

जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप असतील तर जोड देत बसू नका, सगळे काढा. बोरच्या क्षारांनी ते आतून इतके बुजलेले असतात की कापून बघितल्यावर पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं दिसतं, आणि आपण वर्षभर टाकीच्या उंचीला दोष देत असतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडला पांढरा यूपीव्हीसी चालतो, दोघांचं सोल्युशन वेगळं येतं ते अदलाबदल करू नका. जोड मारले की डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सुकू द्या, मग सगळी टोकं प्लग लावून बंद करा आणि पाणी सोडून रात्रभर ठेवा. सकाळी प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू फिरवा, बोटाला न जाणवणारी ओल टिश्यूवर दिसते. प्लास्टर याच्यानंतर.

शोरूममध्ये गरम-थंड पाणी मिसळायचे, भिंतीत दडवायचे डायव्हर्टर फार छान दिसतात. पण आपल्याकडच्या जड पाण्याला माझं मत बाहेरून बसणाऱ्या साध्या वॉल मिक्सरलाच, क्षार साचले की काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवता येतो. भिंतीतला अडकला तर टाइल फोडा.

लाइटचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, फक्त काय मागायचं ते माहीत असू द्या. दोन किलोवॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि वेगळी वायर हवी, अर्थिंग खरंच जोडलेलं हवं, आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, हवीच. गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस आतच बेशुद्ध पडतो.

वॉटरप्रूफिंग, म्हणजे खरं बाथरूम

सगळी मेहनत इथे. टाइल्स हा नुसता कपडा, पाणी अडवायचं काम त्याच्याखालचा थर करतो, टाइलच्या सांध्यांतून पाणी थोडं ना थोडं झिरपतंच. आमचे एक जुने मिस्तरी आप्पा म्हणायचे, "पानी आपला रस्ता शोधी लेस भो", आणि त्यांचं लक्ष कायम कोपऱ्यांवर न् पाइपाच्या भोवती असायचं, मधल्या मोकळ्या जागेची त्यांना काही चिंता नसे.

तर आधी पाइप जिथे स्लॅबमधून आरपार जातो तिथे भोवतीचा सैल माल खरवडून काढा आणि न आकसणारं ग्राउट भरा. भिंत आणि जमीन मिळते तिथला काटकोन सिमेंट-वाळूने गोलाईत भरून घ्या, वाटा काढा म्हणजे, कारण काटकोनात वॉटरप्रूफिंगचा कोट बसत नाही आणि पहिली चीर तिथेच जाते. मग उताराचा थर, ट्रॅपकडे चार फुटांमागे अर्धा इंच. उतार डोळ्याने ठरवू नका, पारदर्शक लेव्हल पाइपात पाणी भरून चारही कोपऱ्यांवर खुणा करा आणि लाइनदोरी ताणा.

कोट पावडर न् लिक्विड असा दोन भागांत येतो. आधी जमीन पाणी मारून ओलसर करा, पण कुठे पाणी साचलेलं नको, कोरड्या जमिनीवर मारला तर ती कोटमधलं पाणी शोषून घेते आणि नंतर तो पावडरसारखा निघतो. पहिला हात आडवा, तो सुकला की दुसरा उभा, भिंतीवर किमान एक फूट, आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. वाट्यावर आणि ट्रॅपच्या तोंडाशी पहिल्या हातातच फायबरची जाळी दाबून बसवा.

पाकिटावरचे दिवस भरले की पाणी भरून बघायचं. ट्रॅपला बारदान-प्लास्टिकचा घट्ट बोळा, दाराशी विटा-मातीचा बांध, आणि दोन इंच पाणी ४८ तास. आमच्याकडे कित्येक गावांत नळ रोज येत नाही, त्यामुळे ही तपासणी नळाच्या दिवशी धरा, नाहीतर टँकर मागवायची पाळी. भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा, आणि शेजारीच एका घमेल्यात पाणी भरून त्याच्याही आत तशीच खूण करा. आपल्या कोरड्या हवेत पाणी नुसतं वाफ होऊनही उतरतं, मग गळालं की उडालं ते कसं कळणार? घमेल्यातलं जेवढं उतरलं साधारण तेवढंच जमिनीवरचं उतरलं असेल तर काम चोख. जमिनीवरचं जास्त उतरलं तर गळती आहे, मग खालच्या छताला आणि माडीच्या बाजूच्या भिंतीला हात लावून ओल कुठे येते ते शोधा, तेवढाच भाग परत करा आणि पुन्हा पाणी भरा. कंटाळा येतो, मान्य. पण टाइल बसल्यावर हीच गळती शोधायची म्हणजे सगळं फोडणं आलं.

टाइल्स

जमिनीला मॅट, न घसरणारी आणि एक फूट बाय एक फूटच घ्या, मोठी टाइल चारही बाजूंनी ट्रॅपकडे उतारात बसत नाही, कापावीच लागते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीवर धरत नाही, तिला अ‍ॅडेसिव्हच लावा, दातेरी करणीने. अधूनमधून एक टाइल उचलून मागे बघा, सगळीकडे माल लागलेला दिसला पाहिजे. भिंतीवर खालून दुसरी ओळ आधी लावायची, लेव्हलमध्ये पट्टी ठोकून तिच्यावर, आणि सगळ्यात खालची ओळ शेवटी जमिनीच्या उताराप्रमाणे कापून. सांध्याला इपॉक्सी ग्राउट महाग पडतं पण क्षाराच्या पाण्यात तेच टिकतं, थोडं थोडंच कालवा, उन्हाळी हवेत ते हातातच दगड होतं.

दारात ग्रॅनाइटचा उंबरा बसवा आणि बाथरूमची जमीन बाहेरच्यापेक्षा इंचभर तरी खाली ठेवा. वॉटरप्रूफिंगचा कोट उंबऱ्याच्या खालून बाहेरच्या कडेपर्यंत आणायचा, हे बहुतेक लोक विसरतात आणि मग दारापाशीच्या फळ्या पहिल्यांदा कुजतात.

आता माडी

बाथरूम वापरात येऊन भिंत कोरडी झाली की माडीला हात घाला. आधी तपासणी. जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीलगतच्या प्रत्येक फळीच्या टोकाला आणि खालून तुळईला टोचा. साग असेल तर टोक आत जायला नको. सहज घुसलं तर ते लाकूड गेलं, तेवढा तुकडा बदला. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर भुंगा, दोन्हींचा बंदोबस्त पॉलिशच्या आधी करून घ्यायचा. फळ्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो सुका घासू नका, जुन्या रंगांत शिसं असायचं, घरगुती रंगात ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून आली. तसा रंग रिमूव्हर लावून ओला असतानाच खरवडा आणि त्या काळात पोरांना आजोळी पाठवा.

मग खिळे. प्रत्येक खिळ्याचं डोकं पंचने दोन-तीन एमएम आत ठोका, एक जरी वर राहिला तर मशीनचा पट्टा फाडतो. भोकं त्याच सागाच्या बारीक भुशात लाकडाचा गोंद कालवून भरा, रंग जुळतो.

फळ्यांमधल्या फटी मात्र दाबून भरू नका. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फटी रुंद होतात, तेव्हा ठासून भरलं की श्रावणात फळ्या फुगून एकमेकींना ढकलतात आणि मधूनच उचलल्या जातात. बारीक फट तशीच राहू द्या. खाली धूळ गळेल एवढी मोठी असेल तर जाड सुतळी गोंदात भिजवून आत बसवा, ती दबते आणि परत फुलते.

घासायला बेल्ट सँडर भाड्याने मिळाला तर उत्तम, कोपऱ्यांना ऑर्बिटल. काही सुतार ग्राइंडरला चकती लावून भराभर घासून देतात, ते करू देऊ नका, त्याच्या चंद्रकोरी पॉलिश चढल्यावर ठळक दिसतात. ४० किंवा ६० नंबर कागदापासून सुरू, मग ८०, मग १२०, कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आणि मधला नंबर गाळायचा नाही. मशीन चालू असताना एका जागी थांबवलं की खड्डा पडलाच. संध्याकाळी लाइट बंद करून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा, दिवसा न दिसलेले सगळे ओरखडे त्या तिरप्या उजेडात उठून दिसतात, त्यांना खडूने गोल करा आणि सकाळी तेवढेच घासा.

धूळ व्हॅक्यूमने काढा, ओल्या फडक्याने नाही. सागाला स्वतःचं तेल असतं, त्यावर पॉलिश नीट धरत नाही, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसून घ्या आणि सुकलं की लगेच पहिला हात मारा. चपडीचं पॉलिश कपाटाला शोभतं, जमिनीवर पाणी सांडलं की डाग पडतो. जमिनीला पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं पॉलिश, मॅट किंवा सेमी-ग्लॉस, तीन पातळ हात. दोन हातांच्या मध्ये २२० नंबरने हलकंसं घासून पुसायचं. सुरुवात दारापासून लांबच्या भिंतीकडून, नाहीतर स्वतःच कोपऱ्यात अडकाल. हार्डनरवाला पीयू असेल तर साधा मास्क पुरत नाही, गॅसच्या फिल्टरचा मास्क लागतो. खिडक्या उघड्या, आणि थिनरचा वास आहे तोवर माडीवर दिवा-अगरबत्ती, विडी-काडी काही नाही, देवघर माडीवर असेल तर देव खाली आणा.

पीयू नको, जुन्या पद्धतीने जवसाचं तेलच द्यायचं असेल तर दिसायला ते अजून सुंदर, फक्त दरवर्षी एक हात द्यावा लागतो. पण तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेटतात, काडी लागत नाही. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा एकेक करून दोरीवर पसरून वाळवा.

शेवटच्या हातानंतर दुसऱ्या दिवशी मोज्यांवर चालता येतं, पण कपाट-पलंग आठवडाभर चढवू नका, आणि चढवाल तेव्हा पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवून, उचलून, ओढत नाही. बाईला आधीच सांगून ठेवा की माडीवर बादली न् ओला पोछा बंद, झाडू मारायचा आणि फार तर घट्ट पिळलेलं फडकं फिरवायचं.