शॉवरवरचे पांढरे थर असे निघाले

आमच्या शॉवरची अर्धी भोकं क्षाराने बुजली होती. घरीच क्लीनर करायचा म्हणून व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावला. फेस भरपूर आला, थर मात्र जसाच्या तसा. तीनदा करून पाहिलं.

चूक मिश्रणातच होती. व्हिनेगर आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी; दोघं एकमेकांचा जोर संपवतात. फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. मागे उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, त्याने क्षार सुटत नाही. (असं मिश्रण बाटलीत भरून झाकण घट्ट लावू नका, वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.)

हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, त्याला आम्लच हवं. मग 5 टक्क्यांचं साधं व्हिनेगर, पाणी न घालता, प्लास्टिकच्या पिशवीत ओतलं. शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी पिशवी रबरबँडने बांधली. तासाभराने जुन्या टूथब्रशने घासलं आणि थर भुगा होऊन निघाला! सगळ्या भोकांतून सरळ धारा पडताना पाहून फार बरं वाटलं. नळाच्या बुडाशी पिशवी बसत नाही, तिथे व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळलं.

सोडा आता वेगळाच वापरते, सिंकच्या चिकट डागांवर, थोडं पाणी घालून.

संगमरवरावर व्हिनेगर नको, तोही कॅल्शियम कार्बोनेटच, चकाकी जाते. आणि ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आमच्या बाटलीवर हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.