बीटच्या प्रभारी अधिकाऱ्याने मोहल्ला समितीचे काम कसे करून घ्यावे

ठाणे पोलीस आयुक्तालयातील भिवंडीने 1970 आणि 1984 साली भीषण दंगली अनुभवल्या. त्यानंतर तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या, म्हणजे पोलीस आणि रहिवासी यांच्या वस्तीपातळीवरील समित्या, उभारल्या आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असतानाही भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत हिंदू-मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी होते, हे बीटची, म्हणजे पोलीस ठाण्याच्या हद्दीतील नेमून दिलेल्या भागाची, जबाबदारी नव्याने स्वीकारणाऱ्या उपनिरीक्षकाने प्रथम ध्यानात घ्यावे.

म्हणून सदस्य निवडताना माजी नगरसेवक आणि मंडळांचे अध्यक्ष यांच्यापाशी थांबू नये. ठाणे शहरातील वागळे इस्टेटसारख्या भागात रिक्षा स्टँडवरचे चालक, औषध दुकानदार, बचत गटातील महिला आणि भाडेकरू यांना गल्लीतील बदल सर्वांत आधी जाणवतात. जो केवळ ओळखपत्रासाठी आग्रह धरतो, त्याला खुशाल वगळावे.

बैठक बीट अंमलदारालाच चालवू द्यावी. अधिकारी बोलू लागला की लोक त्याच्याकडेच पाहून बोलतात आणि वस्तीत रोज फिरणारा हवालदार खुर्च्या मांडण्यापुरता उरतो. त्याने दिलेला शब्द पाळता यावा इतके अधिकार त्याला द्यावेत आणि चूक झाल्यास ती लोकांसमोर नव्हे, तर पोलीस ठाण्यात परतल्यावर दाखवावी. सणासुदीच्या बंदोबस्तामुळे तो अनेक दिवस बीटवर दिसत नाही. ते टाळणे अधिकाऱ्याच्या हाती नसते, परंतु त्या काळात रहिवाशांनी कोणाशी संपर्क साधायचा, हे आधीच सांगणे निश्चितच त्याच्या हाती असते.

बैठकांची संख्या आणि छायाचित्रे पाहून कामाचे मोजमाप करू नये. बंद पथदिवे, रस्ता अडवणारी वाहने अशा तक्रारी महापालिकेकडे किंवा वाहतूक शाखेकडे कधी पाठवल्या आणि उत्तर काय आले, याची नोंदवही ठेवावी. तिच्यातील काही तक्रारदारांना अधिकाऱ्याने स्वतः भेटून नोंद पडताळावी. खबर देणाऱ्याचे नाव मात्र या वहीत कधीही लिहू नये.

दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, समितीत मिटवण्याचा प्रयत्न झाल्यास अधिकाऱ्याने तो तेथेच थांबवावा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा नोंदवून घ्यावा. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत ‘घरातले आहे, समजुतीने घ्या’ असा सल्ला देणारे सदस्य हमखास भेटतात. त्यांना ही मर्यादा पहिल्याच बैठकीत स्पष्ट करावी.

अंमलदाराची बदली झाल्यास नव्या अंमलदाराला जुन्याबरोबर काही दिवस बीटवर पायी फिरवावे आणि त्यानंतरच कार्यभार सोपवावा.