फुप्फुसाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) : रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन कमी किंवा प्लेटलेट, पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या रुग्णांचं आयुर्मान तुलनेनं कमी असतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण हे झालं गटाचं चित्र. एकट्या रुग्णाबाबत स्टेज काय, लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठींमध्ये) आजार पोचलाय का आणि गाठ पूर्ण निघाली का, यालाच जास्त वजन. नुसत्या सीबीसीवरून वर्षं मोजत बसू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारीख न बघता आकडा वाचणं. ऑपरेशनच्या ताणानं न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतात, स्टेरॉइडनंही वाढतात. प्लेटलेट तर पुढच्या एक-दोन आठवड्यांत साडेचार लाखांच्या वर जाऊन बहुतेकदा आपोआप उतरतात. म्हणून ऑपरेशनआधीचा रिपोर्ट शेजारी ठेवूनच नवा वाचा. उतरलेल्या पांढऱ्या पेशी पुन्हा चढल्या आणि सोबत ताप असेल, तर मात्र जंतुसंसर्ग शोधायला हवा. हेपॅरिन (रक्ताच्या गुठळ्या टाळणारं औषध) सुरू झाल्यावर 5 ते 10 दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मात्र शेऱ्यात 'क्लम्प्स' लिहिलं असेल तर प्लेटलेट नमुन्याच्या नळीतच गोळा झाल्या असतील. नमुना पुन्हा तपासून घ्यावा.

न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी) भागून घरीच भविष्य काढणारेही भेटतात. 80 भागिले 10, म्हणजे 8, की घरात रडारड! या गुणोत्तराची सर्वमान्य मर्यादारेषा नाही, आणि स्टेरॉइडच्या एका डोसनंही ते हलतं.

हिमोग्लोबिन कमी दिसलं की मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करतात, तेही चुकीचं. कर्करोगातल्या दाहामुळे शरीरातलं लोह अडकून पडतं; फेरिटिन (साठ्यातल्या लोहाचं माप) भरपूर दिसूनही रक्ताला ते मिळत नाही. त्यामुळे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (लोह वाहून नेणारं प्रथिन लोहानं किती भरलंय ते) बघावं लागतं. शिवाय लोह शिरेतून दिलं तरी हिमोग्लोबिन चढायला काही आठवडे लागतात, म्हणून हा विषय ऑपरेशनची तारीख ठरतानाच काढा.

पुढे केमो असेल तर एकूण पांढऱ्या पेशींवर थांबू नका. एकूण 2,000 आणि न्यूट्रोफिल 20 टक्के, म्हणजे प्रत्यक्षात 400 च. 500 च्या खाली हा आकडा धोक्याचा. अशा दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.